अर्थिंग आणि डावा हात

जठारपेठ, अकोला
२१ एप्रिल २०२४

चि. धम्मदीप यास,
ताईचे अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मले काहीच ऐकू येत नाही म्हणून तू पुन्हा कागद-पेन हाती धरला, याचं बरं वाटते. आमच्या भावजयीले, माधवीले सांग, तिनं पाठवलेली कानाची मशीन मी पेटीत ठेवून दिली. ती लावली की सगळी दुनिया तेलात तळल्यासारखी वाजते.

इथं ऊन मी म्हणून राहिलं. दिवाळीत तुझ्या भाऊजींची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्यांचं उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं माझ्याच अंगावर आहे. तक्रार नाही. पण पाठ टेकली की ती माझी पाठ आहे का दुसऱ्या कोणाची, तेही समजत नाही.

आज लिहायचं कारण मात्र वेगळं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलली! मार्च सरता कूलर काढला, नवीन गवत लावलं अन् त्यांची खाट खिडकीतल्या कूलरच्या अगदी जवळ सरकवली. तेव्हापासून दुपारी झोपेत बोटं हलतात. आधी मले भासच वाटला. मग शेजारच्या बिल्कीसले बोलावून दाखवलं, तर तिनं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. बारीक थरथरतात, हे एस.टी.त कंडक्टर असताना तिकिटांच्या गड्डीवरून फिरायची ना, तशीच. मी यांले उठवून सांगितलं. रडले रे.

माझं ठीक. नळाले हात लावला की मुंग्या येतात, कूलरमध्ये पाणी टाकताना तर कोपरापर्यंत. साखर वाढली असेल.

माधवीले आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी ताई,
मनकर्णा


अमरावती
२५ एप्रिल २०२४

ति. ताईस,
धम्मदीपचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र आज सकाळी मिळालं. वाचता वाचता उठलो आणि बिल्कीसबाईंना फोन केला. म्हटलं, पळत जा, आधी कूलरचं बटण बंद करा, पिन काढा, मग ताईला समजवा. त्यांच्या धावण्यानं तू घाबरली असशील. राग माझ्यावर धर, त्यांच्यावर नको.

आता मन घट्ट करून वाच. जानराव भाऊजींचा डावा हात झोपेत कूलरच्या पत्र्याला लागतो का? पाण्यानं ओल्या झालेल्या भिंतीला त्यांचे पाय टेकतात का? तुझ्या मुंग्या साखरेच्या नाहीत, ताई. घरात करंट उतरला आहे. मीही आधी आनंदलो होतो, माधवीला हाकही मारली. मग खाली तुझ्या हाताला येणाऱ्या मुंग्यांची ओळ वाचली आणि फोनकडे धावलो. बोटं बरी होऊन हलत नसावीत. विजेनं हलत असावीत. त्या हाताला काही कळत नाही म्हणून ते ओरडले नाहीत, एवढंच.

मी खोटा ठरलो तर तुझा मार खाईन, आनंदानं खाईन. कूलर बंद ठेवून बोटं बघ. आणि चांगला वायरमन बोलावून घराची अर्थिंग तपासून घे. या वयात तुला चांगली बातमी द्यावी असं फार वाटतं, पण माझ्या वाट्याला हे असलंच लिहिणं येतं.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिही, ही विनंती.
तुझा,
धम्मदीप


जठारपेठ, अकोला
३ मे २०२४

चि. धम्मदीप यास,
ताईचे आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र मी चुलीत घालणार होती. घरात गॅस आहे म्हणून वाचलं.

कूलर बंद, तर बोटंही बंद. नळाच्या मुंग्याही गेल्या. तू म्हणाला तेच खरं. रोज दुपारी हे विचारतात, पाह्य ना, हलतात काय. मी म्हणते, उन्हानं सुस्तावली असतील, कूलर सुधरला की पाहू. खरं सांगायची माझी हिंमत होत नाही. पंखा लावला तर भट्टीची हवा अंगावर येते. चादर ओली करून पांघरते, ती वाळते, पुन्हा ओली करते. त्यांच्या पाठीवर फोड येऊन राहिले.

धर्मपाल वायरमन येऊन गेला. कूलरमधली वायर पत्र्याले घासून उघडी पडली होती, ती त्यानं बदलली. पण म्हणाला, बाई, एवढ्यानं भागत नाही, आज कूलर आहे, उद्या फ्रिज राहील. आपल्या घराची अर्थिंगची वायर पहिल्यापासून लोखंडी नळाले बांधून आहे. मागच्या साली गल्लीत जमिनीखाली प्लास्टिकचे पाइप आले, तेव्हाच तिचा जमिनीशी संबंध तुटला. करंट जमिनीत जायचा सोडून घरातल्या नळात अन् पत्र्यातच फिरत राहिला. नवीन खड्डा करावा तर अंगणात सिमेंट, त्याच्याखाली काळा दगड. आता एकच उपाय. वीज कंपनीनं मीटरजवळ अर्थिंगचं टर्मिनल द्यावं अन् त्याले घराची वायर जोडावी. विजेच्या खांबावरून जमिनीत गेलेली अर्थिंगची पट्टी असते, तिले आपल्या मनानं वायर जोडायची नाही, कंपनीचाच माणूस पाहिजे.

मग कचेरीत गेली. बिल्कीसले सोबत नेलं, तीच माझे कान. एका साहेबानं सांगितलं, घराची अर्थिंग तुमची तुम्ही पाहा. दुसरा म्हणाला, मिळते, पण लेखी द्या. तिसऱ्याच्या खुर्चीवर नुसता टॉवेल होता. घरी आली तर यांची चादर वाळून कडक झालेली.

तू येशील काय? असं मी आजवर कधी म्हटलं नाही.
वाट पाहणारी,
ताई


अमरावती
११ मे २०२४

ति. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

सुखरूप पोचलो. बडनेऱ्याला उतरल्यावर ऑटो मिळेना, बॅगेवरच बसून राहिलो. अकोल्याचं ऊन अंगातून अजून निघालेलं नाही. तू ते रोज कसं काढतेस कोण जाणे.

कचेरीतल्या इंजिनीअर मॅडमचं बोलणं तुला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून लिहितो. त्या म्हणाल्या, टर्मिनल देणं आमचंच काम आहे, नियमात आहे. पण आधी खांबाची स्वतःची अर्थिंग मोजावी लागेल. ती खराब असली तर तुमची वायर तिला जोडून उलटा धोका. सध्या ट्रान्सफॉर्मर जळताहेत, माणसं कमी आहेत, तरी पाठवते. अर्जाच्या डोक्यावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं की घरात आजारी माणूस आहे. मला त्या शब्दाच्या पक्क्या वाटल्या.

आणखी एक. तू पाणी भरायला गेली होतीस तेव्हा भाऊजींनी मला विचारलं, हात खरंच सुधरून राहिला काय. मी खिडकीकडे तोंड केलं. ताई, हे तूच सांग. मी दोन दिवसांचा पाहुणा, त्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं मला जमलं नाही.

तब्येत सांभाळ. तू पडलीस तर आम्ही कुणाकडे बघायचं?
तुझा,
धम्मदीप


जठारपेठ, अकोला
२० मे २०२४

चि. धम्मदीप यास,
ताईचे अ. आ., जयभीम.

कंपनीची माणसं आली. खांबाची पट्टी खाली गंजून तुटली होती. ती नवीन केली, मोजली, अन् मग मीटरजवळ टर्मिनल बसवून दिलं. धर्मपालनं घराची वायर नळावरून सोडवून त्याले जोडली. करंट गळला की आपोआप बंद पडणारं बटणही लावलं. कूलर सुरू करून जागोजागी तपासलं, मग मले म्हणाला, आता लावा हात. मी डोळे मिटून लावला. काही नाही. नुसता थंड पत्रा.

सगळे गेल्यावर मी चहाचे कप उचलून राहिली होती. दारातून पाहते तर हे उजव्या हातानं आपला डावा हात उचलून कूलरच्या पत्र्यावर ठेवत होते. ठेवला अन् पाहत राहिले. बोटं ठेवली तशीच राहिली.

मी जवळ गेली तर म्हणाले, मना, तुले माहीत होतं काय. मी हो म्हणून मान हलवली. मग काहून नाही सांगितलं, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या तोंडाकडे पाहवलं नसतं. त्यावर म्हणतात, मलेबी शंका होती. खांद्यात झिणझिण्या यायच्या. पण तू बिल्कीसले माहा हात दाखवून एवढी हसत होती, दिवाळीपासून पहिल्यांदा हसत होती, म्हणून गप राह्यलो.

माझं डोकं फिरलं. मेले असते ना तुमी, म्हणून मी ओरडली. मले माझा आवाज कळत नाही, गल्लीभर गेला असेल. ते म्हणाले, हो, मेलो असतो. मग म्हणाले, हवा चांगली येऊन राहिली, बस.

मी बसली. खाटेच्या कडेले डोकं टेकवलं अन् बसल्या बसल्या झोपली. उठली तर दिवे लागले होते. बिल्कीस समोर हसत उभी. पुढचं दार वाजवून थकली, मागून आली, तर यांनी ओठावर बोट ठेवून तिले गप केलं म्हणे. त्यांच्या चहाची वेळ टळून गेली होती. यांचं तोंड कोरडं पडलं होतं. पण मले उठवलं नाही.

माधवीले आशीर्वाद. दूर असला तरी असाच जवळ राह्य.
तुझी ताई,
मनकर्णा