चालता दवाखाना की नवा?

१ तारीख, दुपार
राजीनामा फेकला! मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर फेकायचा होता. ते रजेवर, म्हणून टेबलावर. पंख्याने उडाला. झाडूवाला उचलून परत घेऊन आला. पुन्हा फेकला.
सात वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीपाशी उभं राहून लोकांच्या दाढा उपटल्या. बास झालं. आता स्वतःचा दवाखाना, शून्यातून! बायको म्हणाली, अहो, कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर निवृत्त होतायत, चालता दवाखाना देतायत, विचारून तरी बघा. मी गरजलो, दुसऱ्याचा दवाखाना घेणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरणं! अर्धा तास बोललो. ती मध्येच भाजी चिरायला उठून गेली. पटलं असावं.

४ तारीख
भाड्याची जागा मिळाली. एक भिंत आड येते. गवंडी म्हणाला, साहेब, हिला हात लावू नका, पलीकडे बिऱ्हाड आहे. मी म्हटलं, भित्र्या हातांनी इतिहास घडत नाही. घण हिसकावला. तीन घाव घातले. तिसऱ्याला पलीकडची मांडणी भांड्यांसकट कोसळली.

४ तारीख, संध्याकाळ
शेजारच्या आजी लाटणं घेऊन आल्या. वय सत्तरीचं, नेम पंचविशीचा. घरमालकाने किल्ली काढून घेतली. टेंगूळ मोजण्यासारखं नाही. बायकोने मोजलं: तीन.

५ तारीख
शांत डोक्याने विचार केला. शून्यातून सुरुवात ही पोरकट कल्पना. मुळात बायकोचीच असावी. खरा सेनापती किल्ला बांधत बसत नाही, घेतो.

९ तारीख
म्हाताऱ्याच्या दवाखान्यावर चाल केली. खुर्चीचं रेग्झीन फाटलेलं, कॉम्प्रेसर म्हशीसारखा हंबरतो. तरी बाकावर मुंगी शिरायला जागा नाही. तिथे एक बाई आहेत, तीस वर्षं. दाढ काढताना पेशंटचा हात धरतात. बस्स, एवढंच काम! मी जाहीर केलं, मी आल्यावर पहिल्या दिवशी यांना घरी पाठवणार. बाई तिथेच कापूस वळत होत्या. वर पाहिलंही नाही.
म्हातारा हसला. म्हणाला, खुर्ची घ्या, कॉम्प्रेसर घ्या, पण लोक येतात ते बाईंसाठी. शनिवारी एक दाढ काढून दाखवा. त्या हो म्हणाल्या तर दवाखाना तुमचा.
माझी परीक्षा! आणि घेणार कोण, तर हात धरणारी! बायको म्हणाली, तोंड बंद ठेवा, दाढ काढा आणि घरी या. हे गेलं तर आपल्या हातात काही नाही.

१४ तारीख, शनिवार, सकाळी ९
एप्रनला कडक इस्त्री. बाईंना बजावलं, आज हात धरायचा नाही. माझ्या पेशंटला आधार लागत नाही.

१४ तारीख, दुपार
पेशंट ट्रकवाला. मान म्हणजे खांब. भुलीचं इंजेक्शन दिलं. बाई म्हणाल्या, डॉक्टर, पाच मिनिटं थांबा, अजून चढली नाही. मी थांबणारा माणूस नाही. चिमटा लावला. ओढला.
ट्रकवाल्याने आधी ट्रे उडवला, मग दिवा, मग मला. मोकळ्या हाताचा ठोसा एवढा लागतो हे कॉलेजात शिकवत नाहीत. दाढ तुटली. माझी.
बाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, दादा, इकडे बघा माझ्याकडे, घरी कोण कोण असतं? तो चौथ्या पोरीपर्यंत पोहोचला तोवर म्हाताऱ्याने दाढ काढून वाटीत टाकली होती.
मग मला म्हणाला, बसा आता तुम्ही. मुळं आत राहिलीत. मी सांगितलं, मी ओरडणारा माणूस नाही.
ओरडलो. बाई म्हणाल्या, ओरडा हो, बाहेर सगळे आपलेच आहेत. त्यांनी एक हात पुढे केला. मी दोन्ही धरले.

१५ तारीख
म्हाताऱ्याचा निरोप: तुमचं काम पाहिलं आणि ठरवलं, अजून दहा वर्षं निवृत्त व्हायचं नाही. माझ्या आवेशाने म्हाताराही पेटून उठला! मोठ्या डॉक्टरांचाही निरोप आला: तुमची जागा भरली. गाल फुगला आहे. बोलता येत नाही, म्हणून बायकोला लिहून दाखवलं: शून्यातून सुरुवात, हाच खरा मार्ग. तिने उलट्या बाजूला वाणसामानाची यादी केली.
शनिवारी टाके काढायचे आहेत. जाणार. बाई आहेत का, तेवढं आधी फोन करून विचारणार.