साडेपाच किलो ज्वारी

९ फेब्रु., सोमवार
मनगट तसंच. उजवा अंगठा हलवला की कोपरापर्यंत कळ. डॉक्टर म्हणाले, बाळ उचलून उचलून सूज आलीय, पट्टा लावा, हाताला विश्रांती द्या. घरात चार महिन्यांची रेवा, आणि म्हणे विश्रांती!
खरी गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे बोलायची हिंमत नाही. परवा आंघोळीनंतर रेवाला उचललं, कळ आली आणि ती हातातून निसटली. गादीवर पडली, वीतभरच. ती हसली. मी मात्र बाथरूमचा नळ सोडून रडले. आई स्वैपाकघरात होती, तिला कळलं नाही. महेशलाही सांगितलेलं नाही.
आई १ तारखेला मंगळवेढ्याला परत जाणार. मग म. ऑफिसला गेला की घरात मी आणि रेवा. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही.

१२ फेब्रु.
बाळ अंगाला बांधायचं कापड, हाच उपाय दिसतोय. दुपारभर मोबाईलवर तेच.
नणंदेनं तिची बकलवाली झोळी पाठवली. छान आहे, पण बकल सोडायला अंगठ्याचा जोर लागतो. म्हणजे म. येईपर्यंत तसंच बसायचं. बाद.
रिंगवाली: सगळा भार एका खांद्यावर, आणि कापड ओढायचं ते पुन्हा मनगटानंच. बाद.
ताणणारं होजिअरीचं मागवलं. अंगाला मस्त बसलं, वीस मिनिटांत दोघी घामानं चिंब. सोलापुरात अजून मार्चसुद्धा लागलेला नाही. परत पाठवलं.
आई: "ऊसतोडीला चाललीस का गं, पोटाला पोर बांदून? लोक काय म्हनतील?"
लोकांनी यावं आणि दुपारी तास-दोन तास रेवाला घ्यावं. (मनात.)

१५ फेब्रु., रवि.
खालच्या मजल्यावरच्या पद्माक्कांकडे गेले. घरचे माग आहेत, कापडातलं त्यांना विचारावं. होजिअरीची कहाणी ऐकून हसल्या. "ताणतंय ते कशाला? भार धरणारं पाहिजे की! साधं सूत, घट्ट विणलेलं. चादर नको बरं का, लई जाड, बाळ उकडंल."
एक हळदी रंगाचं कापड काढलं, कोपरे धरून तिरकं ओढलं. "तिरकं जरा ढील देतंय बघा. उभं-आडवं देत नाही. असंच पाहिजे." पाच मीटर घेतलं.

१७ फेब्रु.
फिजिओच्या मॅडमनी बांधायला शिकवलं. गुडघे ढुंगणापेक्षा वर, हनुवटी छातीला टेकलेली नको, तोंड सतत दिसायला हवं, मान वाकवली की टाळूचा पापा घेता यायला हवा. आणि आधी बाळ नाही, तेवढं वजन बांधून सराव.
वजन कुठलं आणायचं? आईनं गावाहून ज्वारी आणलीय. रेवा साडेपाच किलोची, म्हणून साडेपाच किलो ज्वारी उशीच्या अभ्र्यात भरली. संध्याकाळी म. आला तेव्हा मी ती पोटाला बांधून कपड्यांच्या घड्या घालत होते.
"हिचं बारसं कधी?" म्हणतो.

२० फेब्रु.
कापड आज करकरीत वाटत होतं. तरी बांधलं. हॉलमधून चालताना गाठ सुटली, ज्वारी धाडकन खाली. अभ्रा फाटला, दाणे घरभर. मी तिथेच बसले. ज्वारीऐवजी ती असती तर
आई धावत आली. मी सगळंच बोलून गेले. गादीचं, निसटल्याचं, भीतीचं. आई दाणे वेचत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "तू तीन म्हैन्याची आसताना बाजंवरनं पडलीस, माज्या हातनं. तुज्या बापाला आजून ठाव न्हाय."
मला रडतारडता हसू फुटलं. तिलाही. म. यायच्या आत सगळं वेचून ठेवलं.

२१ फेब्रु.
पद्माक्कांनी कापड बोटांत चुरलं आणि विचारलं, "खळ कोणी घातली?"
आईनं! चांगलं सुती कापड म्हणून परवा धुऊन, आपल्या लुगड्यांना घालते तशी साबुदाण्याची खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलं होतं. अशा कापडावर गाठ कशी टिकणार? आईचं तोंड एवढंसं झालं. "नातीसाटी म्हून केलं गं."
म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता. पुन्हा लिहिते. दोष माझ्या हाताचा नव्हता. हायसं वाटलं, पोटभर जेवले.

२६ फेब्रु.
कापड तीनदा गरम पाण्यात धुतलं. आता मऊ. चार दिवस ज्वारी बांधून उठले, बसले, जिने चढले. गाठ हलली नाही.
आज रेवा. खाली आईचे दोन्ही हात, झेलायला तयार. दहा मिनिटांत पोरगी झोपली!
नंतर आईनं ज्वारी स्वतःला बांधून घेतली आणि घरभर फिरली. "माज्या टायमाला आसलं कायतरी आस्तं तर..." ऊसतोड कुठे गेली कोण जाणे.

१ मार्च
आई गेली. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "जावयाला सांग गं. मी न्हाय सांगितलं, त्यात काय शानपना न्हवता."

२ मार्च
नऊला म. गेला. रेवाला बांधलं, गाठ तीनदा तपासली. दिवस पार पडला. पार पडला! मनगट दुखतंय, पण कमी. दोन्ही हात मोकळे होते, तरी डावा हात दर दोन मिनिटांनी तिच्या खाली जातच होता.
आत्ता संध्याकाळ. खुळखुळा काढायला म. सोफ्याखाली वाकला आणि तळहातावर दोन दाणे घेऊन उभा आहे. "ज्वारी इथं कशी?"
रेवा अजून छातीशीच आहे. त्याला म्हटलंय, बस जरा.