कुंकवाचं बोट

एडिंबरो, जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी आईस अंबूचा साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत आणि डॉक्टरीचा अभ्यास, दोन्ही ठीक. यंदा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, जत्रेला गेलीस की नाही?

नाताळात आमच्या बिऱ्हाडातल्या ॲग्नेसने मला तिच्या देवळात नेलं होतं, म्हणून मीही इथे संक्रांत केली. वहिनीचा तिळगूळ वाटला. मुलींना एकमेकींना हळदकुंकू लावायला सांगितलं. मी पडले तुझ्यासारखीच विधवा. भिंतीशी उभी राहिले.

“अगं, तुझंच कपाळ कोरडं कसं? येशू तुझं भलं करो!” म्हणत ॲग्नेसने बोट टेकवलंसुद्धा. सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या. मी पुसलं नाही, आई. हसतच राहिले.

दादाला एवढ्यात सांगू नकोस. चिमूटभर कुंकू राखून ठेवलंय. मी आले की कपाळ पुढे कर.

तुझी लेक,
अंबू