मधलं मॉडेल, मॅन्युअल

१६ जून
शोरूमला जाऊन आलो. तीन मॉडेलं आहेत. खालचं, मधलं, वरचं. खालच्यात फोर बाय फोर नाहीच, फक्त मागच्या दोन चाकांना ताकद. ह्यांनी विक्रेत्याला विचारलं, "म्हणजे दिसायला जीप आणि चालायला रिक्षा?" ऋषिकेश नाव त्याचं, चांगला मिशीवाला बाप्या आहे, पण ह्यांच्यापुढे कॉलेजात तोंडी परीक्षेला आल्यासारखा उभा. "सर, दॅट वन इज फॉर सिटी यूज." खालचं बाद.
मधलं मॅन्युअल, फोर बाय फोर. वरचं ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, शिवाय छताला काच, मोठा पडदा आणि बसायला गार वारा सोडणाऱ्या सीटा. "गार वारा खालून?" असं हे म्हणाले आणि वरच्या मॉडेलचा विषय त्यांच्यापुरता संपला. मधलं. मॅन्युअल. बुक करून टाक.
परक्यासमोर भांडायचं नाही असं लग्नापासूनचं ठरलेलं.
घरी येऊन आमच्या जुन्या छोट्या गाडीतून उतरताना ह्यांचा डावा पाय दारात अडकला. हाताने उचलून बाहेर काढला. क्लच दाबायचा पाय तोच. ह्या माणसाला मॅन्युअल हवी आहे.

१८ जून
धायरीत दिवसभर वीज नाही. लिफ्ट बंद, म्हणून घरातच. बोलणं अर्थात गाडीचं.
दादांचा फोन. ह्यांचे थोरले भाऊ, पेठेत राहतात, आणि पेठेतूनच सगळ्यांचं बघतात. ह्यांना म्हणाले, "अरे विद्या, एकदा तो तलाव बघायचाय ना? भाड्याने जीप घे, ड्रायव्हरसकट." हे म्हणाले, "भाड्याच्या ड्रायव्हरला घरी जायची घाई असते."
तलाव म्हणजे वेल्ह्याच्या पलीकडे, खिंडीच्या वर, ह्यांनी पाटबंधारे खात्यात लागल्यावर बांधलेला पहिला पाझर तलाव. लग्नानंतरचा पहिला हिवाळा आम्ही तिथे पत्र्याच्या शेडमध्ये काढला. सरकारी जीप होती. हे ड्रायव्हरला मागे बसवायचे आणि स्वतः चालवायचे. मला शेजारी. पुढे बदल्या होत गेल्या आणि तिकडे परत जाणं झालंच नाही. निवृत्त झालो की जाऊ, असं इतक्या वेळा म्हणून झालं. निवृत्त झाले आणि त्याच थंडीत डावं पाऊल चालताना फट्‌ फट्‌ आपटायला लागलं.
डॉक्टरांनी मोटर न्यूरॉन, एकेक स्नायू निकामी करत जाणारा आजार, म्हणून सांगितलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "मोटर आहे तर गॅरेजला होईल का?" डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच मला कळलं.

७ जुलै
टेस्ट ड्राइव्ह. ऋषिकेश मॅन्युअल घेऊन दारात. मला वाटलं आता काय करतील. काही नाही. "आधी तिला चालवू दे. मला इंजिनाचा आवाज ऐकायचाय." क्लच दाबला जात नाही हे परक्याला दिसू नये म्हणून. चाक हातात घेतलं.
डावीकडे बसून सूचना सुरू. सीट पुढे घे. क्लच शेवटपर्यंत दाबला जातोय का बघ. बॉनेटचं टोक दिसतं का. मी म्हटलं, मला काय विचारता, तुम्ही तुमचं बघा. "बघतोच आहे."
त्यांना चढवायला मात्र मी आणि ऋषिकेश, दोघं लागलो. डावीकडे धरायला चांगलं दणकट हँडल आहे. पण पाय ठेवायला पायरी वेगळी बसवून घ्यावी लागेल. सांगून ठेवलं.
येऊन सोसायटीत गाडी नाकासमोर घातली तर लगेच, "तोंड बाहेर करून लाव. निघायच्या वेळी उलटी काढत बसणार का?" साइटवर गाडी कायम निघायच्या तोंडाने लावायची, हे मी लग्नापासून ऐकते आहे. आणि लग्नापासून नाक आत घालते आहे.

४ ऑगस्ट
काल दादा आणि अनिकेत, त्यांचा मुलगा. अनिकेतची नवी गाडी ऑटोमॅटिक. "काकू, ट्राय तर कर, एकदम इझी." केलं. सोसायटीच्या आतच एक फेरी. वळणावर सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नाहीच तिथे. तो गेला थेट ब्रेकवर, तोही क्लच दाबतात तसा, पूर्ण. मागच्या सीटवरून दादांचा चष्मा पुढे माझ्या मांडीत. दादा म्हणाले, "बरं झालं, कवळी नव्हती."
हे पोट धरून हसले. हसताना आवाज घोगरा आला, ओढल्यासारखा. हसू थांबलं तरी आवाज थांबेना. अनिकेत दुसरीकडे बघत होता.

५ ऑगस्ट
ह्यांना न सांगता शोरूमला फोन केला. बुकिंग बदललं. वरचं, ऑटोमॅटिक. ऋषिकेश म्हणाला, "मॅम, वेटिंग वाढेल, दसऱ्याचं मी ट्राय करतो." चालेल म्हटलं.
ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. उजवा अजून धडधाकट आहे, काल जिने उतरताना त्याच्यावरच तर पेललं सगळं. खिंड तेच चढवतील. मी शेजारी बसेन, तेव्हासारखी. मला दुसरं काही नको आहे. गार वारा सोडणाऱ्या सीटाही चालतील.

२३ ऑगस्ट
आज उजव्या हाताने शर्टाचं बटण लागलं नाही. बराच वेळ खटपट. मी पुढे झाले तर, "थांब, जमतंय." मग स्वतःच हात खाली सोडला.
बटण मी लावलं. दोघांनीही हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

९ सप्टेंबर
दादांकडे गणपती. आरतीला हे नुसते टाळ्या वाजवत होते. त्याही आवाज न होणाऱ्या. दरवर्षी ह्यांचा आवाज सगळ्यात वर असतो, सगळ्यात बेसूरही. आज सूर बरा लागला सगळ्यांचा आणि मला तिथे उभं राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन नारळ खोवत बसले.
दादा मागून आले. म्हणाले, "मोदक झालेत, आता नारळ कशाला?" मग तेही तिथेच पाटावर बसले.

१९ सप्टेंबर
ऋषिकेशचा फोन. "मॅम, लकी आहात. दोन गाड्या यार्डात उभ्या आहेत. ज्यांच्या होत्या ते पितृपक्षात घेत नाही म्हणाले. एक टॉप ऑटोमॅटिक, एक मधली मॅन्युअल. घटस्थापनेपर्यंत थांबलात तर सगळे परत लाइनीत येतील, मग माझ्या हातात नाही."
पितृपंधरवडा. ह्या दिवसांत मी घरात साधा झारा नवा आणत नाही. सासूबाईंनी घालून दिलेलं.
दसरा फार लांब नाही खरं तर. पण ऑगस्टपासूनचं हे सगळं बघता लांब आहे.

२० सप्टेंबर
दादा फोनवर चिडले. "बाबांची तिथी चार दिवसांवर आणि तुम्ही लोखंड घरी आणणार?" मी फोन स्पीकरवर टाकला होता. हे सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाबा जन्मभर सायकलवर. त्यांचा गाडीशी संबंध नाही. हवं तर कावळ्याला विचारू." दादांनी फोन ठेवला.
मग माझ्याकडे वळले. "कुठली घेतेस?"
मी म्हटलं, ऑटोमॅटिक. सांगूनच टाकलं, बुकिंग बदललंय म्हणून. मला वाटलं भडकतील.
"माहीत आहे. ऋषिकेशचा मेसेज मलाही आला होता. कुणासाठी ऑटोमॅटिक?"
"तुमच्यासाठी."
"मी चालवणार नाहीये."
मी बोलायला लागले की उजवा पाय, डॉक्टर म्हणाले होते, सरावाने. मला हाताने थांबवलं. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहून ठेवते, त्यांना आता इतकं लांब बोलायला फार त्रास होतो.
"पहिल्या दिवसापासून मॅन्युअल सांगतोय ती तुझ्यासाठी. तिथल्या उतारावर तू डावा पाय ब्रेकवर मारलास तर दोघं थेट तलावात. मार्केट यार्डात बँकेत जाताना, कांद्याच्या ट्रकांमागे, चढावर, तू गाडी क्लचवर धरून ठेवायचीस ना? तीच गाडी धरायची पद्धत तिथे लागते. तुझ्या पायाला ते येतं."
हेच क्लच धरणं. ह्यावरून मला बँकेतली नोकरी संपेपर्यंत बोलणी. क्लच जाळतेस, क्लच खातेस, मेकॅनिकची बायको शोभतेस.
म्हणजे जूनमध्ये शोरूममध्ये उभं राहून ह्यांनी डावी सीट निवडली होती. हँडल, पायरी, सगळं त्या बाजूचं. आणि मी तोवर मनात त्यांना उजवीकडे बसवून ठेवलं होतं. आजार त्यांनी मान्य केला होता. मान्य केला नव्हता तो मी.
म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? "तू इतकी आनंदात होतीस."
कुकरच्या तीन शिट्ट्या कधी झाल्या कळलं नाही. भात लागला. रडून घेतलं, मग वरचा वरचा भात वाढला.

२४ सप्टेंबर
मामंजींची तिथी. खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी. दादा आले. फोनचं कुणीच काढलं नाही.
गच्चीत पान ठेवलं. धायरीत कावळे तरी उरलेत कुठे, सगळीकडे टॉवर. बराच वेळ कुणी शिवेना. मी मनात म्हटलं, परवा गाडी आणते आहे, रागावू नका, थांबता येण्यासारखं नाही. शेवटी आला एक. वडा उचलून गेला.
दादा जिन्यात पायाने चपला चाचपत म्हणाले, "सकाळी आण. राहुकाळ तेवढा टाळ."

२६ सप्टेंबर
आणली. मधलं, मॅन्युअल, पांढरी. शोरूम ओस. एरवी म्हणे गाडीवर मखमली कापड घालतात, केक कापतात, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. पंधरवड्यात कुणी येत नाही म्हणून यातलं काहीच नव्हतं. ऋषिकेशला वाईट वाटलं. धावत जाऊन मॅनेजरच्या टेबलावरच्या कुंडीतलं एक फूल आणलं.
पायरी बसवून घेतलेली आहे. हँडल धरून चढायला हाताला जोर नाही. तरीही आम्ही दोघांनी उचलून बसवल्यावर त्यांनी हँडल धरलं, उगीच, धरण्यापुरतं. किल्ली ऋषिकेशने सवयीने ह्यांच्यापुढे केली. ह्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.
वडगावच्या पुलाखाली बंद पाडली. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. हे म्हणाले, "वाजवू देत. ते काय पाझर तलाव बांधायला चाललेत?"

२९ सप्टेंबर
गेलो. डबा घेतला, पाण्यात घालायची पूड घेतली. साध्या पाण्याने हल्ली ह्यांना ठसका लागतो, दाट करून द्यावं लागतं.
वेल्ह्यापर्यंत डांबरी. खिंडीच्या पायथ्याला डांबर संपलं. छोटा दांडा ओढून लो, म्हणजे चढाचा हळू, ताकदीचा गिअर घातला, ह्यांनी नजरेने दाखवलं तसं. क्लचवर धरून सोडत गेले. गाडी रांगायला लागली. आयुष्यात असं काही केलं नव्हतं. शेजारी बघितलं तर ह्यांचा डावा पाय खाली मेल्यासारखा पडलेला आणि चेहरा सगळा हसत होता.
पहिल्या वळणापलीकडे ओढा. पाणी लाल, जोरात. पलीकडची वाट खचलेली. काठावर म्हशी घेऊन एक बाई उभी होती. "म्होरं जाऊ नगा. वाट गेलीया पावसात. गाडी चांगली हाय, पन वाटच न्हाय." मी विचारलं, तलाव आहे का हो वर? "हाय की. भरलाय. आमच्या समद्या हिरी त्येच्यावरच." ह्यांनी काहीतरी विचारलं, तिला कळेना. मी सांगितलं, गळत नाही ना, विचारतायत. "न्हाय वो. कुनी बांधला कुनाला ठावं, पन येक थेंब गळत न्हाय. दसरा झाल्यावं या. वाट सुकती तवर."
दसरा झाल्यावर.
ओढ्याकाठीच डबा खाल्ला. दहीभात. मी भरवला. वर खिंडीत ढग उतरले होते, तलाव त्याच्याही वर. मी म्हटलं, एवढ्या जवळ येऊन. ह्यांनी एकेक शब्द जुळवला, मग म्हणाले, "गळत नाही म्हणाली."
येताना झोपले. मान एका बाजूला कलत होती. खडकवासल्याशी थांबून माझी शाल गुंडाळून मानेखाली दिली. गुरुवारी डॉक्टरांकडे आहे. श्वासाची तपासणी. मशीन लागेल का ते ठरेल. गाडीत चालेल असं मशीन मिळतं का, हे विचारायचं लक्षात ठेवायचं.
सोसायटीत पोचलो तेव्हा जागे झाले. खांबाशी जागा अरुंद. चार वेळा पुढेमागे केलं, मागचा दिवा जेमतेम वाचला. ह्यांनी एकही सूचना केली नाही. गाडी तोंड फाटकाकडे करून लावली आहे.