गोत्रीच्या गॅलरीतली आयरिश तांबडी

गोत्री, बडोदे.

तीर्थरूप मंदाताईस,

धाकट्या प्रतापचा साष्टांग नमस्कार, आणि दाजींना वेगळा वाकून. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं कळलं, तरी डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मोठं काढतोय. दाजींची कंबर कशी आहे? खाली वाकून चपला शोधू नका म्हणावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, वास्तविक काहीही क्षेम नाही. माझं ब्लडप्रेशर वर चढून बसलंय आणि खाली यायचं नाव काढत नाही. भक्ती ठीक आहे (तिला दिवसभर माझ्यावर ओरडायला मिळतं, त्यामुळे तिची प्रकृती उत्तम राहते). मिताली रोज गोरव्याच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी येते आणि अनयशी फोनवर बोलते. बोलताना हसते. मी पेपर वाचल्यासारखं करून ऐकत असतो. ताई, ही पोरगी पूर्वी अशी हसत नव्हती गं.

आता एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला, असं तू म्हणणारच. तर विषय असा आहे, की त्याचं नाव गुजरातच्या हद्दीत फोनवर घ्यायची माझी छाती नाही. तू पुण्यात राहतेस, तुला कळायचं नाही. तेव्हा एकदाच लिहितो, तू वाचून त्यावर काट मार: बिअर. इथून पुढे मी तिला 'तांबडी' म्हणणार आहे. वाटेत कोणी पाकीट फोडलंच तर गाय वाटेल, नाहीतर पैठणी वाटेल.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्यासमोरच. तूच सुचवलेलं स्थळ, तूच आम्हाला अनयच्या घरी घेऊन गेलीस. मुलगा सरळ, हुशार, केमिकल इंजिनियर, फक्त नोकरी एका छोट्या कारखान्यात तांबडी बनवण्याची. (इथे नातेवाइकांनी विचारलं की मुलगा काय करतो, तर मी 'धान्यावर प्रक्रिया' असं सांगतो. सगळ्यांचा समज झालाय की त्याची पिठाची गिरणी आहे.) तर त्या दिवशी पोहे खाता खाता अनयचे वडील सहज म्हणाले, तुमच्याकडे सगळं कोरडं, तुम्हाला आमच्या मुलाच्या कामातलं काय कळणार! सहजच म्हणाले बिचारे. पण मला झोंबलं. म्हटलं, पोरीच्या बापाला हे अडाणी समजणार, उद्या पोरीलाही समजणार. आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेले, की छे छे, आमच्याकडे पणजोबा पिलाजीरावांपासून चालत आलंय, सरकारच्या पागेतले लोक आम्ही, मी तर नुसत्या वासावरून सांगतो कुठला माल कसा आहे. आता पणजोबांचं देव जाणे, पण माझं काय? जन्म बडोद्याचा, नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, सासुरवाडी दाहोदची. एकसष्ट वर्षांत थेंब कसा तो माहीत नाही. एकदा दीवला गेलो होतो, तिथे बंदी नाही, तरी शहाळीच प्यालो. वासावरून मला फक्त डिझेल ओळखता येतं.

पुढच्याच आठवड्यात अनयचा फोन. त्यांच्या कारागिरांच्या मंडळात पुढल्या महिन्यात परीक्षण आहे, आयरिश पद्धतीच्या तांबडीचं. पाच-सहा जण आपापली करून आणणार, नाव झाकून पेले ठेवणार, आणि काका, तुम्ही पाहुणे परीक्षक म्हणून या, आईचीच फार इच्छा आहे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. समजा मी चुकून अनयच्याच तांबडीला सगळ्यात कमी गुण दिले तर? समजा पहिल्या घोटाला ठसका लागला? लोक म्हणतील, हे बघा बडोद्याचे जाणकार! खोटं बोलणाऱ्या माणसाची मुलगी कोण करून घेणार, ताई?

अनयने बिचाऱ्याने माहितीही पाठवली, तांबडी कशी असावी त्याची. रंग तांब्यासारखा, वास भाजलेल्या धान्याचा, आधी जळक्या साखरेची गोडी, मग बिस्किटासारखी चव, कडवटपणा बेताचा, लोण्याची झाक असली तर नाममात्र, आणि शेवट कोरडा. आता पातळ पदार्थाचा शेवट कोरडा कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. पण बाकीच्या चवी तर आपल्या स्वयंपाकघरातल्याच! म्हटलं, अभ्यास करू. दारूला हात न लावता, कायदा न मोडता, एकेक चव जिभेला ओळखीची करून घेऊ. मग मी मांडवीच्या बाजारात जाऊन जव आणले. (पूजेच्या दुकानात कोणी पिशवी भरून जव मागत नाही. दुकानदाराने कुठली पूजा असं विचारलं, तर मी घाबरून 'मोठी' म्हणालो.) ते तव्यावर काळपट होईस्तोवर भाजले. गूळ करपवला. खारी बिस्किटं आणखी भाजली. काडेकिराइताचा काढा केला. सगळं वाट्यांमध्ये मांडून डोळे मिटून चाखत बसलो. भक्ती दारातून बघत होती. तिने मितालीला सांगितलं, बाबांना रिटायरमेंट बाधली.

पण सुट्या चवी निराळ्या आणि एकत्र निराळ्या. म्हणून मी ते सगळं पाणी घालून एका माठात एकत्र केलं, गोडी कमी वाटली म्हणून गुळाचा चांगला मोठा खडा टाकला आणि ढवळलं. ढवळायला जो डाव हाताला लागला तो हांडव्याच्या आंबवलेल्या पिठातला निघाला, हे मला मागाहून कळलं. (बडोद्यात मराठ्याच्या घरीसुद्धा कसलं ना कसलं पीठ फुगत ठेवलेलं असतंच, तुला ठाऊक आहे.) मग लोणच्याला करतो तसं तोंडाला फडकं करकचून बांधलं, वर ताटली, ताटलीवर वरवंटा, आणि चवी एकमेकींत मुराव्यात म्हणून माठ गॅलरीत उन्हात ठेवून दिला. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन! मी केमिस्ट माणूस, जन्मभर लॅबमध्ये काढलेला. गूळ, पाणी, आंबवण आणि ऊन एकत्र आलं की काय होतं, हे आठवीतल्या पोराला कळतं. पण मी इतका कायदा सांभाळण्यात गुंतलो होतो की ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी माठ कुजबुजायला लागला. मला वाटलं आत मुंगळे गेले. रविवारी सकाळी खाली सोसायटीची मीटिंग भरली होती, पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता, आमचे सेक्रेटरी किरीटभाई पांढराशुभ्र सदरा घालून बरोबर आमच्या गॅलरीखाली उभे. आणि धाडकन आवाज झाला. वरवंटा देवाच्या दयेने आतल्या बाजूला पडला (बाहेर पडता तर आज मी तुला जेलमधून लिहीत असतो), ताटली मात्र खाली गेली, आणि पाठोपाठ तांबूस फेस कठड्यावरून ओघळत किरीटभाईंच्या खांद्यावर. रंग अगदी तांब्यासारखा होता, तेवढं मी त्या अवस्थेतही पाहून घेतलं.

किरीटभाई वर आले. हे गृहस्थ दर दोन ऑक्टोबरला जिन्यात व्यसनमुक्तीचा फलक लावतात. मला ब्रह्मांड आठवलं. डोळ्यांसमोर पोलिसांची गाडी, पेपरात फोटो, आणि तो फोटो बघणारी अनयची आई. त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि विचारलं, "प्रतापभाई, आ शेनी वास आवे छे?" मी म्हटलं, काढा आहे, गुडघ्यांचा. त्यांनी माठात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माठात पाहिलं आणि निघून गेले. जेवण गेलं नाही त्या दिवशी मला. दुसऱ्या सकाळी बेल वाजली. दारात किरीटभाई, हातात स्टीलचा डबा. हळूच म्हणाले, बाच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, गुडघ्यांना फार त्रास आहे, थोडा काढा मिळेल का. आणि हळूच पुढे म्हणाले की माझेही दुखतात.

ताई, डबा बघून मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण मला वेगळीच धडकी भरली. आतापर्यंत नुसतं बनवलं होतं, आता वाटप सुरू होणार! काढा संपला, अंगाला लावायचा होता, वैद्याने मनाई केलीये, असं एकाच दमात तिन्ही सांगून मी दार लावलं. मग मी आणि भक्तीने मिळून अख्खा माठ मोरीत ओतला, वरून फिनेल, वरून चार उदबत्त्या. तरी संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरचे लोक एकमेकांना विचारत होते, कोणाकडे सत्यनारायण आहे का म्हणून.

तर सांगायचं तात्पर्य, मला काही हे परीक्षण झेपायचं नाही. तू अनयच्या घरी जा आणि सांग की प्रतापची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीये. ब्लडप्रेशर म्हण, ते तर खरंच आहे. मुलीचं लग्न तेवढं सुखरूप पार पडू दे. दाजींना आणि मुलांना आशीर्वाद, म्हणजे दाजींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. घाबरलेल्या माणसाच्या चुका पोटात घाल.

तुझा धाकटा,
प्रताप

ता. क. : खरं लिहायचं ते वर लिहिलंच नाही. मला परीक्षणाची भीती आहेच, पण झोप उडालीये ती वेगळ्याच गोष्टीने. पोरगा दिवसभर तांबडीच्या टाक्यांमध्ये असतो. संध्याकाळी घरी कसा येतो गं? सरळ चालत येतो का? आईशी कसा बोलतो? तू तिथे राहतेस, भाजी घेता घेता कोणाला तरी विचार. मितालीला कळू देऊ नकोस, ती माझ्याशी बोलायची नाही. पण बाप आहे, मला विचारायला नको?

ता. क. दुसरा : पाकीट टेबलावर राहिलं आणि मितालीने पत्र वाचलं. आधी खोखो हसली, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाबा, अनय फक्त चाखतो, चूळ भरल्यासारखी फिरवतो आणि थुंकतो. हे काम घेतलं तेव्हा आईने घातलेली अट आहे ती. घरी आला की आजही आईपुढे उभा राहून तोंडाचा वास देतो. अनयच्या आईचा, सुहासिनीबाईंचा, सख्खा भाऊ पिण्यापायीच गेला, ऐन तिशीत. आणि पुढचं तर ऐक. साखरपुड्याची तारीख त्या पुढे ढकलतायत ती माझ्यामुळे! मुलगी लाखात एक आहे, पण दारूबंदीच्या राज्यात राहूनसुद्धा ज्यांच्याकडे पणजोबांपासून चाललंय, त्या माणसाशी नातं कसं जोडायचं, म्हणून. मला परीक्षक करायची कल्पनाही त्यांचीच. हे गृहस्थ किती चाखतात आणि किती गिळतात ते लांबून बघू, मग ठरवू, असं त्यांनी घरात सांगितलंय.

ताई, मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण मला तर रडूच आलं. मी त्यांच्या मुलाबद्दल जे तुला चोरून विचारत होतो, तेच त्या माझ्याबद्दल विचारत होत्या. इतकं काळजीनं बघणाऱ्या बाईच्या घरी माझी पोरगी जाणार असेल तर मला दुसरं काय पाहिजे? तेव्हा तब्येतीचं काही सांगू नकोस. पत्र मिळाल्या मिळाल्या जा, सुहासिनीबाईंना एकीकडे घे आणि सांग की माझा भाऊ बढाईखोर आहे, भित्रा आहे, पण पिणारा नाही. दाजींना सोबत नेऊ नकोस. ते माझी बाजू घ्यायला जातात आणि 'प्रताप फार रंगेल हो' असं काहीतरी बोलून बसतात.

ता. क. तिसरा (हा मितालीने वाचलेला नाही, पाकीट बंद करता करता लिहितोय) : 'जन्मात थेंब घेतला नाही' अशी शपथ मात्र तू घेऊ नकोस. तुला पाप लागेल. माठ ओतायच्या आधी, भक्ती फिनेल आणायला गेली तेव्हा, मी त्यातला एक चमचा घेतला. कशाला, असं सुहासिनीबाईंनी विचारलं तर जे खरं आहे ते सांग: तुमच्या मुलाने एवढी मेहनत करून पेला पुढे ठेवला, तर त्याला नावं ठेवली जाऊ नयेत, एवढी तरी समज असावी म्हणून. आणि गिळला का असं विचारलं, तर गिळला म्हण. थुंकायचं असतं हे मला कुठे माहीत होतं!