झोळीची दोरी

प्रिय ताईस,

तुझे फोन आले, मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर आपण भांडलो असतो, आणि भांडणात तू नेहमीच जिंकतेस. पत्रात निदान मला मधे तोडता येणार नाही तुला.

आमचा सेतुवर्ग बंद झाला. शाळा सुटलेल्या मुलांना तयार करून पुन्हा शाळेत बसवायचं, एवढंच त्याचं काम. सगळी बसली, मग वर्ग कशाला, असं साहेब म्हणाले. लाँड्रीमागच्या त्या ओलसर खोलीला कुलूप लागलं. मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच यायची. बाळांना घरी ठेवा म्हटलं असतं तर तीही आली नसती, म्हणून मी छताच्या कडीला झोळी बांधली होती. ज्याची वाचायची पाळी, त्याच्या पायाला झोळीची दोरी; वाचता वाचता पाय हलवून झोका द्यायचा. बाळ झोपलेलं आणि धडाही चाललेला. केवढी हुशार मी, असं तेव्हा वाटायचं गं!

त्यात लाँड्रीवालीची थोरली, बारा वर्षांची. तिला सगळे आजीबाई म्हणायचे, कारण फळा नीट पुसला नाही तर ती मलाही दटावायची. अक्षरओळखीपासून निघाली आणि वर्षभरात धडेच्या धडे घडाघडा वाचू लागली. पुढे भाऊ चालायला लागला, झोळी सुटली, पण वाचताना तिचा पाय हलायचाच. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

शाळेत काय झालं ते बाकीच्या मुलांनी सांगितलं. बाईंनी वाचायला उठवलं नाही, बसूनच वाच म्हणाल्या. पाय हलला, बाक डगमगला, वर्ग हसला. बाई म्हणाल्या, पाय स्थिर ठेव. पाय थांबला आणि तिचं वाचनही थांबलं. पुन्हा तेच. हिला येत नाही, थोडे दिवस दुसरीत बसू दे, असं ठरलं. एवढी घोडी झालेली पोर त्या चिमुरड्यांत जेमतेम दोन दिवस बसली. आता आईबरोबर चादरींच्या घड्या घालते.

मी जाऊन जाऊन थकले. काल आमचं जुनं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही पाय घट्ट जुळवून घेतले, पानाकडे बघत राहिली आणि पुस्तक परत दिलं. म्हणाली, “मला येतच नव्हतं, बाई. तुम्हाला उगाच वाटायचं.” ताई, मला रडूसुद्धा आलं नाही. आता कुणाला काही शिकवावंसंच वाटत नाही.

तो बाक तुझ्या वर्गातला आहे. आपल्या माणसाच्या हाती पोर राहील म्हणून मीच साहेबांच्या मागे लागून तिला तुझ्याकडे घातलं. तू माझी बहीण, हे तिला ठाऊक नाही. तुला ती नावंही ठेवत नाही. मोठ्या शाळेतल्या बाईंना खरं कळतं, म्हणते. माझ्या शब्दाला आता तिच्या लेखी काडीची किंमत नाही. येत नाही हे तिने तुझ्या तोंडून ऐकलंय, येतं हेही तुझ्याच तोंडून ऐकायला हवं. दुपारी ती लाँड्रीतच असते. उशीर झालाय असंच मला वाटतं. तरी ये, आणि तिला पाय हलवू दे.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी