बारावा भाग, शेवटचं पान

चि. धाकट्यास,

थोरलीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण विचारलं की तू दोन पानं गुडघ्यावरच लिहितोस आणि बाकीच्या गोष्टींना जागा उरत नाही. तुझ्या बायकोची तब्येत मात्र कळव. ती कधी काही सांगत नाही, म्हणजे दोघांत खरं दुखणं तिचंच असणार. मी ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस.

मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या रविवारी आमच्या वाचक मंडळात 'दूरगामी' मालिकेचे लेखक येणार आहेत. वय वर्षं त्र्याऐंशी, पण अजून वर्षाला एक भाग लिहितात. अध्यक्ष म्हणून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी बसणार आहे, आणि सभेला कप्तानाबद्दलचा जो एकच प्रश्न त्यांना विचारायचा आहे, तो मीच विचारायचा आहे. त्यात एक अडचण आली आहे. अडचण किरकोळ आहे, पण ती वाढलेली बघायला तीसेक माणसं बसलेली असतील.

तुला 'दूरगामी' काय ते सांगायला नको (तुझी बायको माझी पत्रं वाचते हे मला माहीत आहे, तिच्यासाठी लिहिते). 'दूरगामी' हे अवकाशजहाज आहे, सेहेचाळीस वर्षांत त्याचे अठ्ठावन्न भाग निघाले, आणि अठ्ठावन्न भागांत कप्तान एकच. माणूस शूर आहे, हुशार आहे, पण वाट विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं, त्यामुळे चौथ्या भागात एक अख्खा ग्रह त्याच्या हातून हरवतो. रागावला की आठ-आठ पानं बोलत नाही. आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यानं आजवर उच्चारलेले नाहीत. इतपत मी चालवून घेते. अशी माणसं आपल्याही घरात आहेत (नाव घेत नाही, तू वाचतोच आहेस).

पण बाराव्या भागाच्या शेवटच्या पानावर तो जे करतो ते चालवून घेण्यासारखं नाही. बर्फाच्या चंद्रावर एक ठाणं आहे, तिथं गळती लागलेली आहे, जहाज निघायच्या घाईत आहे आणि जहाजावरचा म्हातारा मिस्त्री अजून बाहेर आहे. कप्तान आतून कडी लावतो. मिस्त्री दारावर थापा मारत राहतो, त्याच्यामागे दोरीवर निळ्या चौकड्यांची, कोपऱ्यावर इस्त्रीनं जळलेली एक चादर फडफडत असते, आणि जहाज निघून जातं. इथं भाग संपतो. तेराव्या भागाच्या पहिल्या पानावर कप्तान रोजनिशीत लिहितो, 'मिस्त्री स्वतःहून उतरला.' त्यानंतर मिस्त्रीचं नाव नाही.

आमचं मंडळ दर शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत भरतं, आणि गेली सहा वर्षं ह्या एका पानावर भांडतं. मी निवृत्तीनंतर, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, तिथं गेले. मी जाईपर्यंत पारडं कप्तानाकडे झुकलेलं होतं, कारण त्याची बाजू दातांचे डॉक्टर मांडत. (दिवसभर त्यांच्यासमोर माणसं आ वासून बसतात, त्यामुळे आपलं बोलणं सगळ्यांना थक्क करतं असा त्यांचा समज झालेला आहे.) त्यांचा मुद्दा असा, की जहाजावर बत्तीस माणसं होती आणि बाहेर एक. "बत्तिसांसाठी एक जातोच हो," ते म्हणाले, "मी रोज काढतो." चादरीवर तर त्यांनी एकोणीस पानांचा निबंध वाचला. चादर म्हणजे माणसानं मागे टाकलेलं घर, आणि जळका कोपरा म्हणजे त्या घराची आठवण. ज्या चंद्रावर हवा नाही तिथं चादर फडफडते कशी, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर ती चादर ऐकताना नेहमी वाटे, की हा लेखक आपल्या घरातलं लिहितो.

मी उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, की माणूस मागे ठेवावा लागला हे मी एक वेळ समजू शकते, पण नोंद खोटी का? तीस वर्षं मी दुकानादुकानांतून वजनमापं तपासली. वजन कमी भरलं तर दुकानदाराचा हात चुकला असेल. पण वजन उलटं केलं आणि खालून भोक पाडलेलं दिसलं, तर हात चुकलेला नसतो. कप्तानाची रोजनिशी म्हणजे खालून भोक पाडलेलं वजन आहे. मतदान झालं, एकोणीस विरुद्ध अकरा. डॉक्टरांनी स्वतः रंगवलेलं कप्तानाचं मोठं चित्र खोलीत होतं, ते तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून टांगलेलं आहे. त्याच महिन्यात मी अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या प्रत्येक भागात कप्तान गप्प बसला, की सभा माझ्याकडे बघते आणि मी मान हलवते. बघा, मन खातंय.

आता अडचण. गेल्या शनिवारी एक नवीन बाई आल्या. बसच्या कंडक्टर आहेत, कामावरून थेट आलेल्या, खांद्याला चामडी पिशवी तशीच. मागच्या बाकावर तासभर ऐकत बसल्या. मग शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या पुस्तकात असं नाहीये. त्यात मिस्त्री खरंच स्वतःहून उतरतो."

सभा हसली. बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला बारावा भाग काढला आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. (तिकिटं देताना बोलावं तसं वाचतात, स्पष्ट आणि एका दमात.) त्यात मिस्त्री कप्तानाला म्हणतो, आता ह्या शिड्या माझ्यानं चढवत नाहीत, ह्या ठाण्यावर दिवा लावायला कोणीतरी हवंच, मला इथं ठेव. कप्तान टोपी हातात घेऊन दारात उभा राहतो, निघायची वेळ टळून जाते तरी उभा राहतो. चादर नाही. कडी नाही.

आणि बाईंवर सगळ्यात जास्त कोण उखडलं असेल? डॉक्टर. कप्तान निर्दोष ठरत होता, पण निर्दोष माणसाला डॉक्टरांची गरज काय, आणि मग एकोणीस पानांच्या चादरीचं काय करायचं? ते म्हणाले, ही लहान मुलांसाठी सौम्य केलेली आवृत्ती असणार. बाई म्हणाल्या, "माझे वडील लहान नव्हते हो." शेवटी ग्रंथपालांनी कपाटातून ग्रंथालयाची प्रत काढली आणि माझ्या हातात ठेवली. ग्रंथालयात ह्या भागाची तेवढी एकच प्रत आहे आणि मंडळात आजवर डॉक्टरच ती वाचून दाखवत आले. मी ती प्रथमच हातात घेत होते.

प्रथम नाही, धाकट्या. आई गेल्यावर घर आवरताना आपण पुस्तकांची जी पेटी ग्रंथालयाला दिली, त्यातली ती प्रत. शेवटचं पान छापलेलं नाही, टाइप केलेलं आहे. फाटकं पान दुसऱ्या प्रतीवरून टाइप करून लावायची ग्रंथालयांची पद्धत असते, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी पान उजेडात धरलं. त्यात प्रत्येक 'क' ओळीच्या किंचित वर उडी मारून बसलेला आहे. असा 'क' जगात एकाच यंत्रावर उमटायचा. टायपिंगच्या क्लासमध्ये खिडकीजवळचं चार नंबरचं यंत्र. त्यावर मी अठराव्या वर्षी सहा महिने बसत होते.

मग सगळं आठवलं. बारावा भाग आपण रद्दीवाल्याकडून आणला होता आणि शेवटचं पान नव्हतं. तू अकरा वर्षांचा. शेवट काय झाला म्हणून जमिनीवर लोळण घेतलीस. त्याच आठवड्यात तू मला गच्चीवर कोंडलं होतंस. मी कपडे काढायला वर गेले, तू आतून कडी घातलीस आणि आईला सांगितलंस, ताई स्वतःहून वर अभ्यासाला बसलीय, तिला हाक मारू नकोस. भर उन्हात अडीच तास मी दारावर थापा मारत होते आणि सावलीला एक चादर होती, निळ्या चौकड्यांची. (कोपरा तूच जाळला होतास.) पुढच्या आठवड्यात मी क्लासमध्ये तुझ्यासाठी शेवट टाइप केला आणि गोंदानं चिकटवला. तेरावा भाग आपण आधीच वाचलेला होता, तेव्हा रोजनिशीतली ओळ मला आयतीच मिळाली. ती खरी होती. माझ्या पानानं ती खोटी झाली. नंतर मी हे विसरले. विसरले हे खरं आहे, त्यावर शंका घेऊ नकोस. वाचलेलं आणि लिहिलेलं त्रेचाळीस वर्षांनी एकाच कप्प्यात जातं.

पण त्या शनिवारी खुर्चीत बसल्या-बसल्या आठवलं, हेही खरं आहे. एकतीस माणसं निकालासाठी माझ्याकडे बघत होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "मंडळाच्या कामकाजासाठी ग्रंथालयाचीच प्रत ग्राह्य धरावी." कंडक्टरबाईंनी वडिलांचं पुस्तक पुन्हा पिशवीत ठेवलं, "बरं बाई" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तर अडचण एवढीच. रविवारी मी लेखकांना विचारणार, कप्तानानं कडी का लावली, आणि ते म्हणणार, कोणती कडी? मी डगमगलेली नाही. सरकारी नोकरीत ह्याहून अवघड प्रसंग निभावलेत. एकदा तर पेढीवाल्यानं माझ्या डोळ्यांदेखत वजन विहिरीत टाकलं होतं, तेही मी वर काढवलं.

बाकी सर्व क्षेम. बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलं. रविवारी तू ये. पहिल्या रांगेत बस, आणि लेखक 'कोणती कडी' म्हणाले की उभं राहून सांग, ते पान लहानपणी मी टाइप केलं. अकरा वर्षांच्या मुलाला कोणी काही बोलत नाही, आणि तू इथं राहत नाहीस, तुझं काय जातंय. नाहीतरी मूळ कारण तूच आहेस.

ता. क. वरचा ता. क. पुन्हा वाचला. मागे राहिलेल्या माणसाच्या नावावर नोंद घालायची, म्हणजे मी कप्तानाला जे म्हणत होते तेच हे. (माझ्या कप्तानाला. खऱ्याला टोपी काढून उभं राहता येत होतं.) तो ता. क. रद्द समज. खोडत नाही, कारण अधिकृत कागदावर खाडाखोड मला चालत नाही.

ता. क. पत्र दोन दिवस पर्समध्येच होतं. आज कंडक्टरबाईंची बस शोधून काढली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. गाडी रिकामी झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली तिकिटं नीट लावली आणि विचारलं, "म्हणजे मिस्त्री तुम्ही?" मी हो म्हटलं. "आणि कप्तान?" मी म्हटलं, तो दुसऱ्या गावी असतो, हल्ली त्याचा गुडघा दुखतो. त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. म्हणाल्या, "पान तुमचं वाईट नाही बाई, पण माझे वडील रडायचे ते त्या टोपीवर." रविवारी लेखकांच्या शेजारच्या खुर्चीत त्या बसणार आहेत आणि शेवटचं पान वाचणार आहेत. त्याआधी उभं राहून मी चार वाक्यांत सगळं सांगणार आहे. चौथं वाक्य 'माझं चुकलं' हे आहे. डॉक्टरांना कालच कळवलं. ते निबंध मागे घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, चादर कोणाचीही असो, अर्थ माझाच आहे.

ता. क. तरीही रविवारी ये. चित्र पुन्हा सरळ टांगायला उंच माणूस लागतो. सभेत तू काही बोलायचं नाहीस. त्रेचाळीस वर्षं तू म्हणत आलास की दार वाऱ्यानं लागलं. दार लागेल रे वाऱ्यानं, कडी लागत नाही. तेवढं जिना उतरताना मला एकटीला, हळू आवाजात सांग. मग गुडघ्यावर हवी तेवढी पानं लिही. मी सगळी वाचेन.